परसबागेतील मधमाश्या

घराभोवतीच्या बागेतील फुलांवर मकरंद व पराग गोळा करण्यासाठी येणाऱ्या मधमाश्या, त्यांच्या नात्यातील एकेकट्या राहणाऱ्या माश्या आणि या दोहोंच्या पुष्पभेटींचे निरीक्षण यांचा या नोंदीत विचार केला आहे. माश्या पेट्यांत पाळून मध काढणे हा वेगळा विषय असून त्यासाठी ‘मधमाशीपालन’ ही नोंद पहावी. पुष्पभेटींचे स्वरूप हवामानावर व वनस्पतींवर अवलंबून असल्याने येथे एका ठरावीक प्रदेशाचे उदाहरण घेतले आहे. हा प्रदेश म्हणजे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे व त्याच्या आसपासचा, बारामती-इंदापूर रस्त्यालगतचा टापू होय. पर्जन्यछायेतील या भागात वर्षाला सुमारे ५०० मिमी. पाऊस पडतो. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे येथील शेतीचा मोठा भाग बागायती झाला आहे. कोरडे हवामान आणि कालव्याचे पाणी ही जोडी पुढील विवेचनात वारंवार येते.

वसंत ऋतू व माश्या यांच्या संबंधाविषयी प्रचलित असलेल्या बऱ्याच कल्पना यूरोपीय पुस्तकांतून आलेल्या आहेत. तेथे कडक हिवाळ्यात माश्या पोळ्यात गोळा होऊन साठविलेल्या मधावर जगतात आणि वसंतात प्रथमच बाहेर पडतात. त्यामुळे तेथील वसंत हा वर्षाचा आरंभ ठरतो. दख्खनच्या पठारावर परिस्थिती जवळजवळ उलटी आहे. येथे पावसाळ्यानंतर रब्बीची पिके, बोर, बांधांवरील रानफुले यांवर माश्यांचे चांगले दिवस सुरू होतात व हिवाळाभर चालतात. माघ-फाल्गुनात शेते रिकामी होऊ लागली की भिस्त झाडांवर व बागांवर येते. चैत्रातील बहर हा उन्हाळ्याच्या टंचाईपूर्वीचा शेवटचा मोठा साठा असतो. गुढी पाडव्याला प्रसादासाठी कडुनिंबाचा मोहोर तोडला जातो, त्या सुमारास त्या मोहोरावर माश्यांचा जो गुंजारव ऐकू येतो, तो या दृष्टीने ऐकला पाहिजे. शेवगा, करंज, कडुनिंब व वैशाखाच्या अखेरीपासून फुलणारी चिंच हे वृक्ष खोलवरचे पाणी ओढून ऐन कोरड्या दिवसांत फुलतात. ते नसते, तर या महिन्यांत माश्यांच्या वसाहतींचा निभाव लागणे कठीण झाले असते.

माश्यांचे प्रकार : बागेत दिसणारी प्रत्येक गुणगुणणारी माशी मधमाशी नसते. फुलासमोर हवेत एका जागी स्थिर राहून एकदम बाजूला सरकणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी बहुधा सिर्फिड कुलातील असते. तिला पंखांची एकच जोडी, मोठे डोळे आणि अगदी आखूड शृंगिका असतात. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात व तिच्या अंगावर फाटे फुटलेले बारीक केस असतात. याच केसांत परागकण अडकतात.

खऱ्या मधमाश्यांपैकी या भागातील परसबागेत सर्वांत सहज भेटणारी म्हणजे फुलोरी माशी (एपिस फ्लोरिया). हिची लांबी सुमारे ७ ते १० मिमी. असून उदराचा पुढचा भाग तांबूस व मागे काळे-पांढरे पट्टे असतात. ती डाळिंब, लिंबू, मेंदी अशा झुडपांच्या फांदीला तळहाताएवढे एकच पोळे उघड्यावर बांधते. मुंग्या येऊ नयेत म्हणून पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट राळेचे कडे लावण्याची तिची रीत लक्षणीय आहे. सातेरी माशी (एपिस सेराना इंडिका) तिच्यापेक्षा काहीशी मोठी असून झाडांच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधारात, अनेक समांतर पोळी बांधते. महाबळेश्वर भागात पेट्यांत पाळली जाते ती हीच. आग्या माशी (एपिस डॉर्साटा) सुमारे १८ मिमी. लांब असून उंच झाडे, कडे, पुलांचे खांब, पाण्याच्या टाक्या यांवर तिची मोठी पोळी लोंबतात. ती ऋतूनुसार स्थलांतर करते. त्यामुळे एखाद्या वर्षी बागेत ती भरपूर दिसली व पुढल्या महिन्यात नाहीशी झाली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. फुलावर असताना ती सहसा कोणाला डंख करीत नाही. तिचा कोप होतो तो पोळ्याजवळ. यांखेरीज डंखहीन माश्या (टेट्रागोन्यूला प्रजाती) जुन्या भिंतींच्या फटींत राहतात. त्या जेमतेम ४ मिमी. लांब असल्याने पाहणाऱ्याला चिलटांसारख्या वाटतात.

एकेकट्या राहणाऱ्या माश्यांत काळा भुंगा (झायलोकोपा प्रजाती), पानांच्या कडेचे गोल तुकडे कापून नेऊन त्यांचे घरटे करणारी पानकापी माशी (मेगॅकाइल प्रजाती) आणि उदरावर निळसर चमकदार पट्टे असणारी ॲमेगिला या प्रमुख आहेत. यांच्यापासून मध मिळत नसल्यामुळे त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. काही भाज्यांच्या बाबतीत मात्र त्यांचे काम मधमाश्यांनाही जमत नाही.

भेटीच्या वेळा : माशी बागेत वाटेल तेव्हा, वाटेल त्या फुलावर येते ही समजूत थोड्याच दिवसांच्या निरीक्षणाने नाहीशी होते. लाल भोपळ्याची फुले पहाटे उमलतात व ऊन तापताच मिटतात. माश्यांची गर्दी सकाळी पहिल्या दोन-तीन तासांतच होते. घोसाळी सकाळी फुलतात, तर त्याच प्रजातीतील दोडका दुपार कलल्यावर फुलतो. दुधी भोपळ्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते व मुख्यतः निशाचर पतंगांसाठी असते, तरी ते सकाळपर्यंत उघडे राहिल्याने उशिराचे पाहुणे म्हणून माश्याही त्यावर येतात. अंगणातील चिनी गुलाब (पोर्टुलाका) ऊन अंगावर आल्याशिवाय उघडत नाही. तो उघडला की काही मिनिटांतच फुलोरी माश्या हजर होतात, आणि त्यांच्या पायांचा स्पर्श होताच फुलातील केसरदले त्या बाजूला झुकतात. ही हालचाल नुसत्या डोळ्यांनी दिसते. माश्यांना वेळेचे स्मरण असते हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. ठरावीक वेळी साखरपाणी ठेवून ते बंद केले, तरी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्या रिकाम्या बशीकडे येतात.

दुपारी भेटी कमी होतात, यास दोन कारणे आहेत. एक तर कोरड्या हवेत उघड्या फुलांतील मकरंदातील पाणी उडून तो घट्ट होतो व सोंडेने शोषणे अवघड जाते. दुसरे असे की, मार्च-एप्रिलमधील उन्हात वसाहतीतील बऱ्याच कामकरी माश्या पाणी आणण्याच्या कामाला लागतात. पिलांच्या घरांभोवतीचे तापमान सुमारे ३३ ते ३६ से. राखावे लागते. आणलेले पाणी पोळ्यावर पसरून पंखांनी वारा घातला जातो व बाष्पीभवनाने पोळे थंड राहते. परसातील गळका नळ, गुरांच्या हौदाची ओली कड, न्हाणीच्या पाण्यावर वाढविलेल्या अळवाची चिखलट जागा येथे माश्या रांगेने बसलेल्या दिसतात, त्या याच कामावर असतात. उभ्या कडांच्या भांड्यात त्या बुडून मरतात. उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवल्यास त्यांची सोय होते.

रंग, गंध व स्मरण : फुलातील मकरंदाकडे जाणारी रंगखूण कीटकांसाठी असते, हा विचार जर्मन निसर्गाभ्यासक क्रिस्टियान कोनराट श्प्रेंगेल यांनी १७९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडला. त्या काळी त्याची उपेक्षा झाली. माश्यांना रंग कळतात की नाही हा वाद पुढे कार्ल फोन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास एका साध्या प्रयोगाने मिटविला. निरनिराळ्या छटांच्या करड्या कागदांत एक निळा कागद मांडून त्यावरच साखरपाणी ठेवले, तेव्हा माश्या पुढे रिकाम्या निळ्या कागदावरही नेमक्या उतरू लागल्या. केवळ उजळपणा ओळखून त्या येत असत्या, तर करड्यांपैकी एखाद्या छटेशी त्यांचा घोटाळा झाला असता. त्यांच्या दृष्टीची कक्षा माणसापेक्षा सरकलेली आहे. तांबडा रंग त्यांना वेगळा रंग म्हणून जाणवत नाही, उलट जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील, माणसास अदृश्य असलेले) किरण त्यांना दिसतात. काही पिवळी फुले माणसाला सर्वत्र सारखी पिवळी दिसत असली, तरी जंबुपार प्रकाशात त्यांच्या मध्यभागी गडद वर्तुळ असते. म्हणजे बागेत माणूस व माशी एकच फूल पाहत असली, तरी दोघांना दिसणारे फूल एक नसते.

एका फेरीत माशी बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. ही गोष्ट ॲरिस्टॉटल यांनीही नोंदविली होती. परसात हे पडताळून पाहणे सोपे आहे. तुळशीच्या मंजिरीवरील एका माशीवर नजर ठेवल्यास ती शेजारच्या कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलोऱ्यास ओलांडून पुन्हा तुळशीवरच जाते, तर त्याच पोळ्यातील दुसरी माशी सकाळभर कोथिंबिरीवरच असते. या एकनिष्ठेचा लाभ झाडांना होतो, कारण तुळशीचा पराग तुळशीलाच मिळतो. मागच्या पायावरील खळग्यात माशी मकरंदाने भिजवून दाबलेली परागाची गोळी वाहून नेते. ती गोळी बहुधा एकाच रंगाची असते, हा या एकनिष्ठेचा दृश्य पुरावा होय.

भेट आणि परागण : फुलावर माशी बसली म्हणजे परागण झाले असे धरून चालणे ही बागेतील सर्वांत सामान्य चूक आहे. माशी फुलावर येते ती स्वतःच्या वसाहतीसाठी अन्न नेण्यास. फुलाचे काम वाटेत होते किंवा होत नाही. ज्वारी व मका यांचा पराग माश्या सकाळी मोठ्या प्रमाणावर गोळा करतात, परंतु ही पिके वाऱ्याने परागित होणारी असल्याने त्यांना माश्यांची गरज नसते. टेकोमाच्या लांब पिवळ्या घंटीत काळा भुंगा पुष्कळदा तोंडाने शिरतच नाही; तो नळीच्या बुडाशी बाहेरून चीर पाडून मकरंद घेतो व केसरदलांना स्पर्शही करीत नाही. त्याने पाडलेल्या चिरेतून नंतर लहान माश्याही आपला वाटा घेतात. हाच भुंगा शेवग्याच्या फुलावर मात्र प्रामाणिक ठरतो. त्याच्या वजनाने व आकारमानाने त्याची पाठ परागकोशांना व किंजल्काला नेमकी घासते, म्हणून शेवग्याचा तो चांगला परागवाहक मानला जातो.

वांगी व टोमॅटो यांची गोष्ट याहून निराळी आहे. त्यांच्या परागकोशांना उभी फट पडून पराग मोकळा होत नाही. तो टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून किंवा अरुंद फटीतून बाहेर येतो. ॲमेगिला व भुंगे परागकोशांना धरून, पंख न हलविता छातीचे स्नायू जोराने कंपित करतात, त्याबरोबर परागाचा धुरळा बाहेर पडतो. त्या वेळी येणारा आवाज उडण्याच्या आवाजापेक्षा स्पष्टपणे वरच्या पट्टीतील असतो व वांग्याच्या वाफ्याजवळ शांत उभे राहिल्यास ऐकू येतो. एपिस प्रजातीच्या मधमाश्यांना ही क्रिया येत नाही. कंप पावणारा नादकाटा टोमॅटोच्या फुलास लावला असता असाच पराग पडतो. या भाज्यांत स्वपरागणही होत असल्याने माशी न आल्यास पीक अगदीच बुडत नाही, पण कंपनाने फळधारणा सुधारते.

काकडी, दोडका, कारली, भोपळा या वेलभाज्यांत पुं-पुष्पे व स्त्री-पुष्पे वेगळी असतात. त्यांचा पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने वाहत नाही. येथे माशी नसल्यास फळ नाही, असा रोकडा व्यवहार आहे. याची परीक्षा घरी घेता येते. लाल भोपळ्याच्या वेलावर आदल्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलेल अशी स्त्री-कळी निवडावी. ती तिच्या खालच्या लहान फळासारख्या अंडाशयावरून व टोकाशी आलेल्या पिवळेपणावरून ओळखता येते. तीवर मलमलीची पिशवी सैल बांधावी. शेजारची दुसरी तशीच कळी मोकळी ठेवावी. पिशवीतील फुलाचा अंडाशय काही दिवसांत पिवळा पडून गळतो, मोकळ्या फुलाचा बहुधा वाढू लागतो. तिसऱ्या फुलास सकाळी पुं-पुष्पाचे केसर हाताने टेकवून मग पिशवी बांधली, तर तेही धरते. म्हणजे गळतीचे कारण पिशवी नसून परागाचा अभाव आहे हे सिद्ध होते. एका भेटीने काम पुरे होतेच असे नाही. काकडीच्या किंजल्कावर पराग अपुरा पडला, तर बियांची वाढ एका बाजूलाच होते व फळ वाकडे किंवा टोकाशी बारीक राहते. बाजारात अशी काकडी टाकाऊ ठरते. तिचा वाकडेपणा म्हणजे न आलेल्या माश्यांची नोंद असते, असे म्हणता येईल.

डाळिंबाच्या झाडावर दोन प्रकारची फुले येतात. घंटेच्या आकाराच्या फुलांत अंडाशय अपुरा असून ती गळून जातात. कलशाच्या आकाराच्या फुलांना फळे धरतात. आंबे बहरातील फुले साधारणतः फेब्रुवारीत येतात. त्यांतील असंख्य केसरांतून माश्या पराग नेतात, व त्यांच्या वावराने फळधारणेस मदत होते. शेतकरी स्वतःच्या उपयोगासाठी कांद्याचे बी धरतात, तेव्हा वाफ्यातील डेंगळ्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये अशीच वर्दळ असते. कांद्याच्या एका फुलात पराग आधी सुटतो व किंजल्क नंतर पक्व होतो. त्यामुळे पराग फुलाफुलांत हलविणारा कोणीतरी लागतोच. परंतु कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमाचे प्रमाण अधिक असल्याने तो माश्यांना फारसा रुचत नाही आणि जवळपास अधिक चांगली फुले असतील तर त्या डेंगळे सोडून जातात.

शोभेच्या फुलांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुष्कळ पाकळ्यांची फुले निर्माण करताना माळ्यांनी केसरदलांच्याच पाकळ्या करून घेतलेल्या असतात. बटमोगरा किंवा गच्च पाकळ्यांचा गुलाब यांनी बाग शोभते, पण माशीला तेथे मिळण्यासारखे फार थोडे असते. ओंजळभर कोथिंबीर काढणीशिवाय तशीच फुलू दिली, तर तिच्यावर येणारे कीटक गुलाबाच्या अख्ख्या ताटव्यावर येणाऱ्या कीटकांहून अधिक भरतात.

नृत्यभाषा : चांगला फुलोरा सापडलेली माशी पोळ्यावर परत येऊन इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचा नाच करते. मधल्या सरळ रेषेत ती उदर हलवीत धावते. या धावेच्या दिशेवरून अन्नाची दिशा व तिच्या कालावधीवरून अंतर इतर माश्यांना कळते. या शोधासाठी फोन फ्रिश यांना १९७३ साली कोनराट लोरेन्ट्स व निकोलास टिनबर्गेन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. ढोलीतील अंधाऱ्या, उभ्या पोळ्यावर नाचणारी माशी सूर्याची दिशा ‘वर’ अशी मानून तिच्याशी कोन करते. हे सर्व पाहण्यासाठी काचेची पेटी लागते, आणि ती सामान्य माणसाजवळ नसते. फुलोरी माशीने मात्र ही अडचण दूर केली आहे. तिच्या पोळ्याचा माथा फांदीला वेढून रुंद व आडवा झालेला असतो आणि ती उजेडात या माथ्यावरच नाचते. तेथे तिची धाव कोणताही हिशोब न करता सरळ अन्नाच्या दिशेकडे असते. फोन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० नंतरच्या दशकात श्रीलंकेत जाऊन आशियाई मधमाश्यांच्या नृत्याची जी तुलना केली, तीतून हा प्रकार उभ्या पोळ्यावरील नृत्याच्या आधीची पायरी असावा, असा विचार पुढे आला. लिंबाच्या झुडपातील अशा पोळ्यापासून सुमारे एक मीटर अंतरावर, धक्का न लावता उभे राहिल्यास आणि धावेची दिशा धरून नजर पुढे नेल्यास, माश्या शेजारच्या शेवग्याकडे बोलावीत आहेत की ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीकडे, हे कळू शकते.

ऊस व माश्या : अंथुर्ण्याच्या परिसरात ऊस हे मुख्य पीक आहे. आडसाली ऊस जमिनीत १६ ते १८ महिने राहतो. त्याचा तुरा वाऱ्यावर परागण होणाऱ्या गवताचा असल्याने माश्यांना त्यापासून जवळजवळ काही मिळत नाही. सलग उसाचे क्षेत्र दिसायला हिरवेगार असते, तरी माशीच्या दृष्टीने ते ओसाड असते. त्यातच बांध निमुळते झाले, कुंपणाची झुडपे गेली आणि तणनाशकांनी बांधांवरची रानफुलेही घटविली. गुऱ्हाळावरील काकवी व रसाकडे माश्या जातात खऱ्या, पण तेथे त्या उकळत्या कढईत पडून मरतात आणि परागाची, म्हणजे पिलांच्या अन्नातील प्रथिनांची, गरज रसाने भागत नाही. तथापि केवळ उसाला दोष देणे न्याय्य नाही. कालव्याच्या याच पाण्यावर लिंबू, डाळिंब व परसातील भाजीपाला उन्हाळ्यात उभा राहतो. पूर्वी जिराईत मुलखात मार्चनंतर इतकी फुले व पाणी क्वचितच असे. वेडी बाभूळ ही शेतकऱ्यांची नावडती, बाहेरून आलेली झाडी, पण कोरड्या ऋतूत तिचा फुलोराही माश्यांना मोठा आधार देतो. मोठ्या एकपिकी क्षेत्रात घरांभोवतीची लहानमोठी झाडे फुलोरी माशीला अधिकच महत्त्वाची ठरतात, कारण ही माशी अन्नासाठी बहुधा काही शे मीटरांपलीकडे जात नाही.

सातेरी माशीच्या पेट्यांतील वसाहती १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणुजन्य रोगाने फार मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. देशात पाळीव व्यवसायासाठी यूरोपीय माशी (एपिस मेलिफेरा) १९६० नंतरच्या दशकात उत्तरेत यशस्वीपणे स्थिरावली होती. आता महाराष्ट्रातही बहराच्या काळात बागांत तिच्या पेट्या ठेवतात. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर येथे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ हा उपक्रम सुरू झाला. या सर्व प्रयत्नांचा भर पाळीव माश्यांवर आहे. भुंगे, ॲमेगिला, पानकापी माशी यांच्यासाठी पेटी नसते. त्यांना वाळके लाकूड, उघडी माती, पोकळ काड्या एवढेच लागते, आणि नीटनेटक्या बागेत नेमके तेच झाडून टाकले जाते.

कीटकनाशके : बहरात फवारणी केल्यास माश्यांची हानी दोन प्रकारे होते. स्पर्शजन्य विष सकाळी फुलांवर पडले, तर त्या वेळी तेथे असलेल्या माश्या जागीच किंवा परतीच्या वाटेत मरतात. आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसातून मकरंदात व परागात उतरतात आणि त्यांचा अल्प अंशही माश्यांचे स्मरण व दिशाज्ञान बिघडवू शकतो. अशी माशी मरण्यापूर्वी बरेचदा वाट चुकते, त्यामुळे बागेत मेलेल्या माश्या न दिसता भेटी तेवढ्या कमी होतात. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम या तीन द्रव्यांच्या उघड्या शेतातील वापरावर यूरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली. वेलभाज्यांवर मावा दिसताच सकाळी फवारा मारणारा गृहस्थ नंतर फळ धरत नाही म्हणून खत वाढवितो, असे पुष्कळदा घडते. फुले उमललेली असताना फवारणी टाळणे हे उत्तम. ती अटळच असेल तर दिवस मावळल्यावर, माश्या परतल्यानंतर करावी. परसातील पोळे जाळून मध काढण्याची रीतही त्याज्य आहे. फुलोरी माशीच्या पोळ्यात मध फार थोडा असतो आणि त्यासाठी सारी वसाहत नष्ट होते.

निरीक्षणाची पद्धत : यासाठी साधने फारशी लागत नाहीत. आपली सावली फुलांवर पडणार नाही अशा बेताने बसावे. एक मीटर लांब व तेवढीच रुंद जागा मनाशी आखून दहा मिनिटांत तीवर आलेल्या माश्या जातवार मोजाव्यात. दर आठवड्यास एकाच दिवशी, सकाळी, दुपारी व सायंकाळी ही मोजणी केल्यास फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतचा आलेख तयार होतो. माशी मकरंद घेते की पराग, हेही नोंदवावे. सोंड पाकळ्यांच्या बुडाशी घातलेली असेल व पाय रिकामे असतील तर मकरंद. परागकोशांवरून धावत असेल व पायांवर गोळ्या असतील तर पराग. परागाच्या गोळ्या वाढलेल्या दिसू लागल्या की, वसाहतीत पिलांची वाढ चालू आहे असे समजण्यास हरकत नाही. पाठीवर रंगाचा सूक्ष्म ठिपका दिल्यास तीच माशी पुन्हा आली का, हे कळते. मात्र माशी हाताळण्याचा सराव नसलेल्याने हे करू नये. ज्यांना डंखाची तीव्र बाधा होते, त्यांनी आग्या माशीच्या पोळ्याच्या आसपास जाणे टाळावे.

आलेखात बहुधा दोन शिखरे दिसतात. पहिले शेवगा, लिंबू व कोथिंबीर यांचे. दुसरे कडुनिंब व करंज यांचे. दोहोंच्या मध्ये एखादा आठवडा तरी उणा जातो, आणि त्या आठवड्यात तुळस, चिनी गुलाब, काकडीचा वेल अशा सामान्य झाडांवरची गर्दी अचानक वाढते. मे महिन्यात फुलोरी माशी उन्हातले पोळे सोडून दाट सावलीत नवे बांधते. नवी जागा जवळच असेल, तर पुढचे काही दिवस तिच्या कामकरी माश्या जुन्या, रिकाम्या पोळ्यावर येत राहतात. त्या तेथील मेण खरवडून, पराग न्यावा तसे मागच्या पायांवर लादून नव्या फांदीकडे नेतात.